घुबड, प्रकाश आणि प्रतीकाचे उत्तरदायित्व

प्रतीकाचा अर्थ सांगणे ही नैतिकदृष्ट्या तटस्थ कृती आहे, हे गृहीतक समीक्षेत सहसा तपासले जात नाही. जुन्या युरोपीय मुद्राचित्रांतील पक्ष्यांबाबत तर तयार कोशच हाताशी असतो : पेलिकन म्हणजे ख्रिस्ताचे आत्मबलिदान, कबूतर म्हणजे पवित्र आत्मा, मोर म्हणजे अमरत्व किंवा गर्व. घुबड मात्र या कोशात स्वस्थ बसत नाही. अथेन्सच्या नाण्यांवर ते अथीनाचे, म्हणून ज्ञानाचे. ख्रिस्ती मध्ययुगात ते अंधाराचे.

हे स्थित्यंतर केवळ अर्थाचे नव्हे. ‘फिझिओलॉगस’च्या परंपरेतील प्राणिकथासंग्रहांत, रात्र पसंत करणारा हा पक्षी ख्रिस्ताचा प्रकाश नाकारणाऱ्या ज्यूंचे चिन्ह ठरविला गेला. निशाचरता हा देहधर्म. त्याचे रूपांतर जाणूनबुजून पत्करलेल्या दोषात झाले आणि तो दोष एका जिवंत समाजाच्या माथी मारला गेला. मराठी वाचकाला घुबडाची अशुभता परिचित असते. पण हे साम्य फसवे आहे. तेथे अपशकुन नाही, आरोप आहे.

दिवसा दिसलेल्या घुबडावर लहान पक्षी कलकलाट करीत तुटून पडतात, हे निरीक्षण खरेच आहे. शिकारी पक्ष्याला हुसकावण्याचा तो मार्ग असतो. प्राणिकथांनी त्यात उघडकीस आलेल्या पापी माणसाची विटंबना पाहिली. सोळाव्या शतकाच्या प्रारंभीच्या, ड्यूररच्या नावावर मांडल्या जाणाऱ्या एका काष्ठठशाच्या चित्रात हेच दृश्य आहे. परंतु त्याच्या छापील पत्रकावरील मथळा पक्ष्यांच्या मत्सराकडे व द्वेषाकडे बोट दाखवितो. म्हणजे दृश्य तेच, आरोपी बदलला. हा न्याय की झुंडशाही, याचा निर्णय रेषा करीत नाहीत; तो पाहणाऱ्याला करावा लागतो, आणि कोशाचा आधार घेणारा समीक्षक नेमका तोच टाळतो.

सतराव्या शतकात कॉर्नेलिस ब्लूमार्टने घुबडाजवळ चष्मा आणि मेणबत्ती ठेवली. ज्याला पाहायचेच नाही त्याला या साधनांचा काय उपयोग, हा त्यामागील डच म्हणीचा आशय. उपहास खुसखुशीत आहे, पण घुबडाला अंधारात मेणबत्तीवाचून दिसते हे विसरल्याखेरीज तो उभा राहत नाही. प्रकाश आपल्याच मालकीचा आहे, अशी खात्री त्याच्या मुळाशी असते.

ही खात्री गोयाजवळ डळमळते. 1799 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लोस काप्रिचोस’मधील 80 चित्रांपैकी 43वे : मेजावर डोके टेकून निजलेला चित्रकार, मागे घुबडे आणि वटवाघळे. शीर्षकातील ‘सुएन्यो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ झोप असाही होतो आणि स्वप्न असाही. विवेक निजला की अंधश्रद्धा माजते, हे रूढ वाचन चुकीचे नाही, अपुरे आहे. कारण त्यांपैकी एक घुबड चित्रकाराला रेखाटनाची लेखणी देऊ करीत आहे. अंधाराचे दूत म्हणून ज्यांची बोळवण करायची, त्यांच्यातीलच एकाकडे त्याच्या कलेचे साधन आहे. आणि त्याने स्वतःचा चेहरा हातांत झाकून घेतला आहे.