भिंत जामीन राहिली

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, तसं अमेरिकेतल्या कित्येक निवृत्त माणसांचं बिऱ्हाड चाकांवर असतं. त्याला मोटरहोम म्हणतात. ओहायोत राहणाऱ्या माझ्या ताईने आणि भावोजींनी असं एक बिऱ्हाड सेकंडहँड घेतलं होतं. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पंधरा दिवस त्यात राहिलो. एस. टी.पेक्षा आखूड अशा त्या गाडीत स्वयंपाकघर, पलंग, संडास, सगळं होतं. न्हाणीघर मात्र लोखंडी कपाटाएवढं. साबण हातातून पडला, तर तो उचलायला आधी बाहेर यावं लागे.

भावोजींनी सत्तरी ओलांडली आहे, आणि त्यांच्या गुडघ्यांनी त्याच्याही आधी. त्यांच्यासाठी त्या न्हाणीघरातली सोय म्हणजे भिंतीला बसवलेलं घडीचं आसन. खाली ओढा, बसा, अंघोळ झाली की उचलून भिंतीला लावून टाका. लहानपणी पाटावर बसून अंघोळ केलेल्या आपल्याला अमेरिकेने चाळीस वर्षं उभं केलं आणि शेवटी पुन्हा बसवलं, याचं भावोजींना मोठं समाधान होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते समाधान धाडदिशी खाली आलं.

सुदैवाने मुका मार सोडला, तर काही लागलं नाही. मग पंचनामा झाला. आसन शाबूत होतं. त्यावर '२५० पौंड' असं छापलेलं होतं, म्हणजे सुमारे ११३ किलो, भावोजी ८४. चारही स्क्रू शाबूत होते. फक्त ते भिंतीत नव्हते. भिंत म्हणजे फायबरग्लासचा पातळ पापुद्रा, त्यामागे पोकळी आणि मग पलीकडच्या कपाटाचं प्लायवूड. मोटरहोमच्या भिंती हलक्याच करतात. त्यांचंही वजन इंजिनालाच ओढायचं असतं ना! आधीच्या मालकाने त्या पापुद्र्यातच स्क्रू पिळले होते आणि कडेने सिलिकॉनची पांढरी रेघ ओढली होती. रेघ इतकी सुबक, की मागे काय आहे हे विचारावंसं कुणाला वाटलंच नाही.

इथे माझ्यातला बँकेचा कारकून जागा झाला. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीच्या कागदांवर जामीनदार म्हणून माझी सहीदेखील अशीच सुबक असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं, की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. बी. कॉम.ला हे पाठ करून मी मार्क मिळवले होते. अर्थ कळला तो एका सहकाऱ्याचे हप्ते माझ्या पगारातून कापले जाऊ लागले तेव्हा. बरेच दिवस मी त्याला शिव्या देत होतो. पण 'याच्या मागे मी आहे' असं लिहून देताना माझ्या मागे काय होतं? मुलीची फी आणि घराचा हप्ता! खोटं बोलू नये हे आपण शाळेत शिकतो. पण मागे पोकळी असताना आधार देऊ करणं, हे कोणत्या रकान्यात मांडायचं?

भावोजींपुढे प्रश्न वेगळाच होता. गाडी ऑक्टोबरमध्ये विकायची होती.

"मोठे स्क्रू मारू, सिलिकॉन भरू," ते म्हणाले. "तेवढे दिवस मी स्टुलावर बसेन."

"आणि घेणारा?" मी विचारलं.

"त्याने तपासून घ्यावं. आम्हांला कुणी सांगितलं होतं?"

व्यवहाराला धरून उत्तर होतं. मला ते पटलंसुद्धा. पण ताई म्हणाली, "अहो, पडल्यावर तुम्ही त्या आधीच्या मालकाला काय काय म्हणालात, ते मी दाराबाहेर ऐकलंय. तेवढं सगळं स्वतःबद्दल ऐकून घ्यायची तयारी असेल, तर मारा मोठे स्क्रू."

नीतिशास्त्राचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण त्यांत याहून वेगळं काही असेल असं वाटत नाही.

मग दोन दिवस काम चाललं. कपाटाच्या बाजूने प्लायवूड कापलं, पोकळीत जाड फळी बसवून ती सांगाड्याच्या दोन उभ्या पट्ट्यांना पकडली आणि नव्या आसनाचे बोल्ट तिच्यातून आरपार नेऊन आवळले. अपंगांच्या हक्कांसाठी तिथे १९९० साली कायदा झाला. त्याखालची मोजमापं म्हणतात, की २५० पौंडांचा जोर आसनाने सोसला पाहिजे, स्क्रूने सोसला पाहिजे आणि त्यांच्या मागच्या आधारानेही सोसला पाहिजे. खाजगी मोटरहोमला ही मापं लागू नाहीत. पण लागू नसलेला नियम पाळणं, यालाच बहुधा नीती म्हणत असावेत.

काम संपल्यावर भावोजी हिरमुसले. पुढून बघितलं तर नवं आसन हुबेहूब जुन्यासारखंच दिसत होतं. "एवढं केलं, ते कुणाला दिसणारच नाही," ते म्हणाले.

"पडणार नाही त्याला तरी कुठे कळणार आहे?" ताई म्हणाली.

पहिल्यांदा बसायचा मान पाहुण्याला मिळाला. मी कपड्यांनिशी, रामरक्षा म्हणत बसलो. आसन हललं नाही.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक सहकारी जामीनपत्र घेऊन आला. दोन लाखांचं. मी खिशातून पेन काढलं, पुन्हा ठेवलं आणि म्हटलं, "पन्नास हजारांचं कर, सही करतो." तो जरा नाराज झाला. पण काय करणार? माझ्यामागे फळी तेवढीच आहे.