नशिबाचं नाव काढू नकोस

गाडीत बसल्यापासून डॅलस येईपर्यंत तू तीनदा म्हणालास, "काका, तो मासा नशिबातच नव्हता." तिन्ही वेळा मी गप्प बसलो, कारण स्टिअरिंग हातात असताना मी कुणाला रागे भरत नाही. आता घरी आलोय, टेबलावर दिवा लावलाय आणि दिव्याखाली तुझ्या रिळावरून कापून घेतलेली हातभर लाइन ठेवलीय. हे पूर्ण वाच आणि वाचून होईपर्यंत मला फोन करू नकोस.

मासा सुटल्यावर तू काय केलंस? रॉड बोटीत आदळलास, आभाळाकडे बघितलंस आणि लगेच दुसरा जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, बांधायला घेतलास. लाइनचं टोक डोळ्यांसमोर धरून एकदा तरी पाहिलंस? मी पाहिलं. टोकाला बारीक वेटोळं पडलंय, काकडीच्या वेलीच्या तणाव्यासारखं. असं वेटोळं पडतं ते गाठ सरकत सरकत सुटली की. म्हणजे त्या माशाने तुझी लाइन तोडलीच नाही, तुझी गाठ उसवली. टोकापासून वीतभर वर एक पांढुरका डाग आहे. सकाळी गुंता हिसकून काढताना लाइनला घडी पडली, तिचा तो डाग. त्याच्याही वर चार बोटांवर नख फिरवलं की खरखर लागते. बुडालेल्या झाडाच्या खोडाला घासल्याची ती खूण. हातभर लाइनमध्ये तीन दोष. मासा गाठीवर सुटला नसता तर डागावर सुटला असता, डागावरही टिकला असता तर खरखरीत जागी गेला असता. यात नशिबाला शिरायला जागा कुठे आहे, ते मला दाखव.

आणि लाइन कोणती भरलीस, तर ८ पौंडांची फ्लुरोकार्बन! का, असं विचारलं तर म्हणालास, बारीक असली की माशाला दिसत नाही. कुणीतरी सांगितलं, तू ऐकलंस आणि रीळ भरून मोकळा झालास. रीळ घेताना महिनाभर घासाघीस केलीस, बेअरिंग किती आहेत ते तुला तोंडपाठ आहे. पण मासा बेअरिंगला लागत नाही, लाइनला लागतो. तिच्यासाठी तू दुकानात दहा मिनिटंसुद्धा उभा राहिला नाहीस.

तुझं रीळ म्हणजे बेटकास्टर. तो चालतो कसा, याचा नीट विचार कर. स्पिनिंग रिळात स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, जागच्या जागी असतो आणि लाइन त्याच्या काठावरून वेढ्यावेढ्याने निसटते. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतो. ल्यूर, म्हणजे फेकलेलं खोटं आमिष, पुढे जातो, लाइन ओढतो आणि लाइन स्पूलला फिरवते. पण हवेत ल्यूरचा वेग कमी होत जातो आणि स्पूल आपल्या मूळच्या वेगातच फिरत राहतो. समोर लाइन घेणारं कुणी नसतं, मागून सोडणारा सोडतच असतो. ती जास्तीची लाइन फुगून बाहेर येते आणि इथले लोक ज्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात तो गुंता होतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या घड्याळजींनी ही रिळं हाताने घडवली, तेव्हा ब्रेक म्हणजे माणसाचा अंगठाच होता. आज चुंबकाचे ब्रेक आहेत, तरी अंगठ्याची सुट्टी झालेली नाही.

अशा यंत्रावर ८ पौंडांची लाइन म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा धागा. तो स्पूलच्या काठातून आत घुसतो, स्पूल आणि चौकटीच्या फटीत अडकतो. जोरात हिसका दिलास की खालच्या वेढ्यांत रुततो. पुढच्या फेकीला ल्यूर निघतो सुसाट, रुतलेली लाइन निघत नाही आणि मग बंदुकीसारखा आवाज होतो. गेल्या महिन्यात नेमकं हेच झालं ना? लाइन रिळाजवळ तुटली आणि वीस-पंचवीस मीटर धागा तलावातल्या झाडांत लोंबकळत राहिला. मी तेव्हाच बजावलं होतं की बेटकास्टरवर १० पौंडांच्या खाली जायचं नाही, आणि हात बसेपर्यंत १२ च्याही खाली नाही. तू मान हलवलीस आणि पुन्हा ८ चीच भरून आणलीस. चूक एकदा झाली तर मी शिकवतो. तीच चूक दुसऱ्यांदा होते तेव्हा तू माझं ऐकलंच नव्हतंस, एवढाच अर्थ निघतो.

बरं, गेलो होतो कुठे, तर लेक फोर्कला. १९८० मध्ये धरण बांधून अडवलेला तलाव, आणि पाण्याखाली उभंच्या उभं रान. वर हायड्रिला या पाणवनस्पतीचे गालिचे. १९९२ च्या जानेवारीत याच तलावात १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंच्या आसपासचा लार्जमाउथ बास मिळाला आणि तो टेक्सासचा विक्रम ठरला. अशा पाण्यात गळाला लागलेला बास पहिल्या सेकंदात एकच करतो, झाडाच्या बुंध्याकडे वळतो. तिथे त्याला दोन वाव सोडायची मुभा नसते, जागच्या जागी तोंड फिरवावं लागतं. ८ पौंडांच्या लाइनने कसं फिरवणार होतास?

माशाला दिसत नाही म्हणालास, त्याचाही हिशेब करू. प्रकाश पाण्यात किती वाकतो त्याचा आकडा १.३३. फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणजे फ्लुरोकार्बन पाण्याच्या जास्त जवळची, म्हणून कमी उठून दिसते. पण कमी दिसणं म्हणजे अदृश्य होणं नाही, आणि त्या गढूळ पाण्यात, फांद्यांच्या जाळ्यात, ८ आणि १७ पौंडांमधला फरक बघत कुठलाही बास थांबत नाही. फ्लुरोकार्बनचे खरे गुण वेगळे आहेत. तिची घनता १.७८, म्हणून ती बुडते आणि जिगसोबत तळाशी सरळ राहते. पाणी पीत नाही. घासण्याला चांगली टिकते. जिग दगडावरून लाकडावर गेला तर तुझ्या बोटाला कळतं. तेव्हा जिगसाठी फ्लुरोकार्बन घेतलीस ते बरोबरच केलंस, फक्त १५ ते २० पौंडांची घ्यायला हवी होतीस. अर्धं बरोबर येऊन अर्ध्यावर आळस केलास, याचा मला जास्त राग आहे.

दुपारी तर कहर केलास. त्याच लाइनला पॉपर बांधलास! पॉपर पाण्यावर तरंगत, गटकन आवाज करत यायला हवा. तू ओढत होतास आणि त्याचं नाक दर वेळी खाली जात होतं, कारण पुढे बांधलेली लाइन बुडत होती. मी दोनदा विचारलं, "काय चुकतंय?" तू म्हणालास, "मासे खात नाहीयेत." पॉपरला साधी नायलॉनची लाइन हवी, आपल्याकडचा तंगूसच तो, १४ ते १७ पौंडांचा. त्याची घनता १.१४, म्हणून तो सावकाश बुडतो. शिवाय तो ओढला की लांबतो. तीन-तीन काट्यांचे बारीक गळ बासच्या तोंडाच्या पातळ पडद्यात धरलेले असतात. न लांबणाऱ्या लाइनने हिसका दिला की पडदा फाटून गळ मोकळे होतात. तंगूस थोडा लांबतो आणि ते धरून राहतात. हे लांबणं तुला दोष वाटतो, कारण खोक्यावर तसं छापलेलं असतं.

वेणीच्या लाइनबद्दल, म्हणजे ब्रेडबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती तुला इतक्यात लागणार नाही. ती पॉलिएथिलीनची, घनता ०.९७, म्हणजे तरंगते. ५० पौंडांची ब्रेड जाडीला १२ पौंडांच्या नायलॉनएवढी असते आणि ती लांबत नाही. हायड्रिलावरून रबरी बेडूक ओढायचा असेल तर ५० ते ६५ पौंडांची ब्रेडच हवी, ती वनस्पती कापत येते. पण स्पूलवर थेट बांधलीस तर सगळा गठ्ठा जागच्या जागी फिरत राहील. खाली आधी दहा-पंधरा मीटर नायलॉन दे. आणि अडकली तर हाताला गुंडाळून कधीही ओढायची नाही. बोट हाडापर्यंत कापतं. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळ आणि मग ओढ. राहता राहिला क्रँकबेट, ओढला की खोल जाणारा ल्यूर. त्याला १० ते १२ ची फ्लुरोकार्बन, लाइन बारीक तेवढा तो खोल जातो. बस.

आता गाठीकडे ये, कारण शेवटी सुटली ती गाठ. तू क्लिंच बांधलीस, वेढे मोजले नाहीस, थुंकी लावली नाहीस, कोरडीच करकचून ओढलीस. कोरडी फ्लुरोकार्बन स्वतःवरच घासते, त्या घर्षणाने तापते आणि तापली की तिथेच कमजोर होते. तोंडात धरून ओली करायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. मग सावकाश, एकसारखी ओढायची, वेढे एकाशेजारी एक बसताना डोळ्यांनी बघायचे आणि शेवटी हाताने जोरात ताणून तपासायची. तिथे सुटली तर तुझ्या हातात सुटली, काही बिघडत नाही.

माझे वडील खाडीवर गरवायला जायचे. हातात दोरी, टोकाला गरी, रॉड नाही की रीळ नाही. पण पाण्यात दोरी सोडायच्या आधी शेवटची दोन वाव अंगठा आणि तर्जनीमधून सरकवत न्यायचे, डोळे मिटून. कुठे खरखर लागली की विळीने कापायची आणि नव्याने बांधायची. इथल्या जुन्या माणसांचंही तेच. जॉर्जियात १९३२ च्या जून महिन्यात जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला, तेव्हा नायलॉन बाजारात आलंच नव्हतं. त्या काळी रेशमाच्या नि लिननच्या लाइन घरी आल्यावर रिळावरून उलगडून वाळत घालाव्या लागायच्या, नाहीतर कुजायच्या. दमून आलेली माणसं रोज संध्याकाळी ते काम करायची. तुला शेवटचा हातभर तुकडा बोटांतून फिरवायचा कंटाळा येतो.

तुझा एक मासा सुटला म्हणून मी एवढं लिहायला बसलो, असं समजू नकोस. तुझे मासे सुटोत, पुन्हा लागतील. त्या माशाने उडी मारली तेव्हा मी त्याला नीट पाहिलं. वीस इंचांच्या आसपासची मादी होती, पोट भरलेलं. या तलावात १६ ते २४ इंचांमधला बास ठेवताच येत नाही, जिवंत परत सोडावा लागतो. तो कायदा अशाच माद्यांसाठी केलेला आहे. म्हणजे तुझ्या हाती आली असती तरी मिनिटाभरात ती पाण्यात परत गेली असती, तोंड मोकळं करून. आता ती जबड्यात तुझा जिग घेऊन त्या झाडांत बसलीय. कदाचित झटकून टाकेल, कदाचित नाही. आणि गेल्या महिन्यातला तो पंचवीस मीटर धागा अजून तिथेच आहे. नायलॉन असो, फ्लुरोकार्बन असो, वर्षानुवर्षं कुजत नाही. बगळ्याच्या पायाला ते वेटोळं पडलं की त्याला सोडवायला कुणी जात नाही. तुझ्या "नशिबात नव्हतं" मध्ये त्या मादीचा आणि त्या बगळ्याचा विचार कुठेच नव्हता. माझा आवाज चढला तो त्यामुळे.

तुझा हात चांगला आहे, हेही लिहून ठेवतो. झाडाच्या दोन फांद्यांमधून तू जिग आत सोडलास तो पाण्यावर तरंगसुद्धा न उठवता. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते जमतं. म्हणूनच तुला एवढं बोलतोय. ज्याच्यात काही नाही त्याच्यामागे मी वेळ घालवत नाही.

शनिवारी पहाटे साडेचारला ये. रीळ पूर्ण रिकामं करून आण आणि काढलेली लाइन पिशवीत भरून आण, बोटीच्या धक्क्यावर लाइन टाकायचं पांढरं नळकांडं आहे त्यात आपण टाकू. नवी लाइन १४ पौंडांची नायलॉन घे. ती मऊ असते, स्वस्त असते, गुंता झाला तरी सुटते आणि घडीचा डाग फ्लुरोकार्बनएवढा घातक ठरत नाही. फ्लुरोकार्बन तुला मी दिवाळीनंतर देईन, अंगठा शिकला तर. घरी भरू नकोस, माझ्यासमोर भर. नव्या लाइनच्या चकतीतून पेन्सिल घालून ती मी धरीन, तू ओल्या फडक्याने लाइन दाबून धरत गुंडाळशील, आणि स्पूलच्या काठापासून साधारण ३ मिलिमीटर खाली थांबशील. त्यानंतर ओसरीत दहा गाठी. दहाही मी हाताने ओढून बघणार आहे. नववी सुटली तरी पुन्हा पहिलीपासून. त्या झाल्या की बोट पाण्यात उतरेल, आणि आधी आपण त्या झाडांत जाऊन तुझा धागा काढू. कात्री आणि लांब हुकाची काठी मी घेतो. हातमोजे तू आण.