सांगणे आणि कळणे

२४ जानेवारी १९६६ च्या सकाळी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोईंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्यासाठी खाली येत असताना ढगांत झाकलेल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. मुंबईहून निघून दिल्ली, बैरुत करीत ते तेथवर पोहोचले होते. विमानातील ११७ जणांपैकी एकही वाचला नाही. त्यांत डॉ. होमी भाभा होते, म्हणून हा अपघात आपल्याकडे अजून स्मरणात आहे. आम्हांला तो अस्वस्थ करतो तो निराळ्या कारणाने. आदळण्यापूर्वी वैमानिकाला सत्य सांगण्यात आले होते.

फ्रेंच चौकशी आयोगाचा निष्कर्ष असा : विमानातील एक दिशादर्शक यंत्र बैरुत सोडतानाच नादुरुस्त होते आणि वैमानिकाला ते ठाऊक होते. पर्वताच्या संदर्भात आपण नेमके कोठे आहोत, याचा त्याचा अंदाज चुकला. जिनिव्हाच्या रडार-नियंत्रकाने ती चूक हेरली, खरे स्थान शोधले आणि तसा संदेशही धाडला. परंतु शब्द पुरेसे नेमके नव्हते. वैमानिकाने ते ऐकले आणि शिखराचा कडा मागे पडला, असा अर्थ घेऊन तो उतरत राहिला.

भाभांमुळे या अपघातामागे कट असल्याच्या वदंता अधूनमधून उठतात. खलनायक सापडला की मनाला एक प्रकारचे समाधान लाभते. एका अपुऱ्या वाक्यापायी एवढी माणसे जावीत, हे पचवणे फार जड आहे.

मग नियंत्रकाचे कर्तव्य पूर्ण झाले होते का? संदेष्टा यहेज्केलच्या ग्रंथातील पहारेकरी संकट पाहून शिंग फुंकतो, आणि लोकांनी दुर्लक्ष केले तर त्यांच्या रक्ताचा दोष त्याच्यावर येत नाही. आपल्यापैकी अनेकांनी याच आडोशाला घर केले आहे. ‘आम्ही सांगायचे काम केले, पुढचे त्यांनी पाहावे’ असे आईबाप म्हणतात, धर्मगुरू म्हणतात, आणि लेखणी धरणारे आम्हीही म्हणतो. पण करिंथकरांना लिहिताना संत पौलाने अस्पष्ट वाजणाऱ्या कर्ण्याचाही विचार केला आहे. येथे तर कोणी दुर्लक्ष केलेच नव्हते. ऐकणाऱ्याने ऐकले होते, प्रतिसादही दिला होता.

नियंत्रकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असे आमच्या मनात नाही. त्याने चूक पाहिली आणि तो गप्प राहिला नाही. शिवाय ऐकणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. वैमानिकाच्या मनात एक नकाशा आधीच तयार होता. नवे शब्द आले, ते त्या नकाशात बसले, आणि नकाशा मात्र बदलला नाही. आपण प्रवचन ऐकतो तेव्हा याहून वेगळे काय घडते? आपल्या मतांना दुजोरा मिळाला की ‘फादर आज छान बोलले’ म्हणत आपण घरी येतो.

विमानवाहतुकीत मिळालेली सूचना उलट म्हणून दाखवण्याची शिस्त आहे. सांगणाऱ्याने ते ऐकायचे आणि चूक आढळल्यास पुन्हा सांगायचे. घरात, धर्मग्रामात असे विचारणे आपल्याला अपमानाचे वाटते.

२०१२ साली त्या हिमनदीने एक टपालाची थैली बाहेर टाकली. तिच्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे नाव होते. आत जानेवारी १९६६ ची वर्तमानपत्रे होती. शेहेचाळीस वर्षांनी ती थैली भारताच्या वकिलातीकडे सोपवण्यात आली.