पाणी शिळे होते का?



सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येणे आपल्या अंगवळणी पडले आहे. नळ आला की आपण काय करतो? साठवलेले पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओततो आणि भांडी पुन्हा भरतो.

हे पाणी येते कोठून? भीमेवरील उजनी धरणातून. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाखाली अनेक गावांची घरे-शेते गेली. म्हणजे आपल्या घागरीत कोणाचा तरी त्याग आहे. तो शिळा कसा होईल?

योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ४) थकलेला प्रभू विहिरीपाशी बसून शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. त्याच्याजवळ पोहराही नव्हता. जिवंत पाणी देणारा आधी साध्या पाण्यासाठी हात पुढे करतो! आपण गरजवंत आहोत हे ज्याला कळते, त्यालाच पाणी देणगी वाटते. इतरांना ती केवळ वस्तू असते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क मानला आहे. आपल्या बाप्तिस्म्यासाठीही देवाने हेच साधे पाणी निवडले.

तेव्हा या आठवड्यात जुने पाणी ओतण्याआधी झाडांना, पाखरांना देऊ या. नळ येताच शेजारच्या एखाद्या वृद्धाची घागर आधी भरू या. आणि चर्चमध्ये शिरताना पवित्र पाण्याने क्रुसाची खूण करू, तेव्हा उजनीसाठी गाव सोडलेल्यांकरिता एक प्रार्थना करू या.