शेवटचा सामना

अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९५४ साली हायस्कूलांच्या बास्केटबॉल स्पर्धेत सातशेंहून अधिक शाळा उतरल्या होत्या. स्पर्धा बाद पद्धतीची. अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन शाळेने अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रलला ३२-३० असे नमविले. ही कथा आजही आवडीने सांगितली जाते. परंतु उरलेल्या प्रत्येक शाळेच्या हंगामाचा शेवट पराभवानेच झाला, हे कोण सांगतो? एकाखेरीज सर्वांनी हरावे हाच जेथे नियम, तेथे हरणे हा अपराध कसा? पडलेल्या सोबत्याला दिलेला हात, मुकाट्याने मानलेला पंचांचा निर्णय गुणफलकावर दिसत नाही. म्हणून तो व्यर्थ ठरत नाही. हरून घरी आलेल्या मुलाला गुण विचारण्यापूर्वी, तो कसा खेळला हे विचारा.