घराण्याचा दोष

विवाहाची बोलणी सुरू झाली म्हणजे शिक्षण, नोकरी, वर्ण, उंची यांच्या जोडीला आणखी एक चौकशी होते. ती मात्र उघडपणे होत नाही. घराण्यात काही आजार आहे काय, हे मध्यस्थाकडून, शेजाऱ्यांकडून, क्वचित औषधाच्या दुकानातूनही काढून घेतले जाते. अमरावती-अकोल्याच्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही ही रीत आहे, आणि ती सर्वस्वी वाईट आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु या चौकशीत ‘आजार’ या शब्दाच्या जागी हळूच ‘दोष’ हा शब्द येऊन बसतो. तेथून पुढे प्रश्न वैद्यकाचा राहत नाही. तो नीतीचा होतो. ल्युपस या आजाराच्या निमित्ताने त्याचा विचार करावा असे आम्हांस वाटते.

ल्युपस हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव योजिले. पुष्कळ रुग्णांच्या नाकावर व दोन्ही गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखा तांबूस चट्टा उमटतो; सांधे दुखतात, अंगात बारीक ताप राहतो, केस गळतात, आणि पुढे मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. देहाचे रक्षण करणारी शक्ती देहावरच उलटते, हे या आजाराचे मूळ. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्याही बहुधा लग्नाच्या, मुले होण्याच्या वयातल्या. उन्हाने आजार बळावतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्याही वर जातो, हे वऱ्हाडात कोणाला सांगावयास नको. डॉक्टरांनी उन्हात जाऊ नका असे बजावले तरी निंदणाला आणि कापूस वेचायला जाऊनच जिचे घर चालते, त्या बाईने काय करावे, याचे उत्तर चिठ्ठीवर लिहिलेले नसते. चट्टा मावळला की ती बाहेरून धडधाकट दिसते. मग ‘काम चुकवते’ हा बोलही तिच्याच वाट्याला येतो.

हा आजार संसर्गजन्य नाही. मग तो येतो कोठून? जुळ्या भावंडांचा अभ्यास येथे फार बोलका आहे. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात, एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असता दुसऱ्यालाही तो असल्याचे शेकडा २४ जोड्यांत आढळले. निरनिराळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांत हे प्रमाण शेकडा २ होते. याचा अर्थ असा की, रक्ताच्या नात्याचा संबंध निश्चित आहे. पण त्याचा दुसराही अर्थ आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही: जनुके तंतोतंत तीच असूनही चारांपैकी तिघे त्या आजारावाचून राहिले. ऊन, विषाणू, अंतःस्राव आणि पुष्कळसा योगायोग यांचाही त्यात भाग असतो.

ल्युपसची शक्यता वाढवणाऱ्या जागा आपल्या जनुकसंचात शंभराहून अधिक सापडल्या आहेत. त्यांतील काही रोगप्रतिकारक पेशींच्या ग्राहकांशी संबंधित आहेत. हे ग्राहक म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर किंवा आत असलेले पहारेकऱ्याचे कान. परका शिरला की नाही, हे त्यांच्यामुळे कळते. टीएलआर-७ नावाचा असाच एक ग्राहक विषाणूंची चाहूल घेतो. स्पेनमधील एका मुलीला वयाच्या सातव्या वर्षीच तीव्र ल्युपस जडला; याच ग्राहकाच्या जनुकातील एका बदलामुळे तो झाला, असे २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रीला ती दोन असतात. स्त्रियांनाच हा आजार अधिक का, याचा एक धागा तेथे लागतो. अर्थात, एकाच जनुकाने घडलेला ल्युपस अगदी विरळा.

दुसरा एक ग्राहक लगामाचे काम करतो. एफसी-गॅमा ग्राहकांच्या कुळातील हा दुसरा ‘बी’ ग्राहक प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना आवरतो. त्याच्या जनुकात एका ठिकाणी बदल झाला तर लगाम ढिला पडतो आणि ल्युपसचा धोका वाढतो. गंमत अशी, की हा बदल युरोपपेक्षा आफ्रिकेत व आशियाच्या काही भागांत अधिक आढळतो. आणि हा बदल दोन्ही पालकांकडून मिळालेल्या केनियातील मुलांना तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, असे २०१० मध्ये दिसून आले. विदर्भाला ही कथा अपरिचित वाटू नये. सिकलसेलचे जनुक एकाच पालकाकडून आले तर ते हिवतापापासून वाचवते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून मांडले होते. १९५८ मध्ये नागपूरकडील रुग्णांतही सिकलसेल आढळल्याची नोंद झाली. ज्याला आपण घराण्याचा दोष म्हणतो, त्याच्या बळावर कोणे एके काळी कोणाच्या तरी पणजीची मुले तापातून उठली असतील. आणि हिवतापावर वापरले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हेच आज ल्युपसचे मुख्य औषध आहे!

कुष्ठरोगाच्या बाबतीत अमरावतीने हा प्रश्न फार जवळून पाहिला आहे. १८४७ साली नॉर्वेत डॅनियलसन व बोएक यांनी कुष्ठरोग आनुवंशिक असल्याचे मत मांडले. पुढे डॅनियलसन यांचेच जावई हॅन्सन यांनी १८७३ मध्ये त्याचा जंतू शोधला. तरीही माणसांनी रोग्याला घराबाहेर काढणे थांबवले नाही. पूर्वी रक्ताचे कारण होते, आता जंतूचे मिळाले, आणि ‘पूर्वजन्मीचे पाप’ तर होतेच. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवन उभारले, ते या घराबाहेर काढलेल्या माणसांसाठी. आता रक्ताचा प्रश्न पुन्हा निराळ्या रूपाने आला आहे: २००९ मध्ये चीनमधील पाहणीत एनओडी-२ या प्रतिकारक ग्राहकाच्या जनुकाचा कुष्ठरोगाच्या संभवाशी संबंध आढळला. बहुतेक माणसांना त्या जंतूपासून निसर्गतःच संरक्षण असते, थोड्यांना नसते.

मोलोकाई बेटावरील संत डेमियन यांना कुष्ठरोग झाला आणि १८८९ साली ते निवर्तले. संत मरियान कोप तेथेच १९१८ पर्यंत रोग्यांची सेवा करीत होत्या; बंधू जोसेफ डटन १८८६ पासून चव्वेचाळीस वर्षे तेथे राहिले. त्या दोघांना रोग झाला नाही. डेमियन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या शीलावरही शिंतोडे उडवले गेले, जणू रोग हाच पुरावा! जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी प्रभूला विचारलेला प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. पाप याचे की याच्या आईबापांचे, ही त्यांची शंका प्रभूने मुळातच नाकारली. आपण मात्र ती लग्नाच्या बैठकीत अजून विचारतो.

मग लपवावे काय? नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील १०९८ वे कलम स्पष्ट आहे: वैवाहिक सहजीवनात स्वभावतःच गंभीर बाधा आणू शकेल अशा गोष्टीविषयी फसवून संमती मिळवली, तर तो विवाह वैध ठरत नाही. ज्या मुलीला ल्युपस आहे तिने, आणि मुलाला असेल तर त्यानेही, साखरपुड्याच्या आधी ते सांगावे. मात्र तिच्या निरोगी धाकट्या बहिणीने काय सांगावयाचे? आमच्या मते, काहीच नाही. शंभरांत दोनच्या आसपासची शक्यता हा आजार नव्हे; अशा शक्यता मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींच्या रक्तातही आहेत, त्यांची मोजदाद झालेली नाही एवढेच. २०१९ मध्ये संसदेने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळले, ते आपल्याला लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातूनही. प्रत्यक्ष रोगालाही जेथे कायद्याने ते स्थान ठेवले नाही, तेथे बहिणीच्या रोगापायी एखाद्या मुलीचे स्थळ मोडणे हा उघड अन्याय आहे.

सांगितल्यानंतर ऐकणाऱ्याचेही काही कर्तव्य असते. ल्युपस असलेल्या स्त्रीला मुले होणार नाहीत, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. आजार किमान सहा महिने शांत असेल आणि तज्ज्ञांची देखरेख असेल, तर यांतील पुष्कळ स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप पार पडतात. दिवस गेल्याचे कळताच घरची वडीलधारी मंडळी बाळाच्या काळजीने सर्व गोळ्या बंद करावयास लावतात. काही औषधे डॉक्टरांना बदलावी लागतात हे खरे, पण तो निर्णय त्यांचा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी गरोदरपणातही बहुधा चालूच ठेवावयाची असते.