एका रुळाची गाडी आणि आपला निवाडा

जुनी, चमत्कारिक दिसणारी यंत्रे पाहताना आपल्या मनात एक गृहीत आधीपासूनच असते: टिकले ते सरस, नाहीसे झाले त्यात काहीतरी खोट. हे गृहीत इतके मुरलेले आहे की आपण ते तपासतही नाही. ते तपासायला दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातली पतियाळा संस्थानची एका रुळावर चालणारी आगगाडी पुरेशी आहे. आजच्या डोळ्यांना ती कोणा हौशी राजाचे खेळणे वाटते. प्रत्यक्षात ती काटकसरीने आखलेली, नेमके काम करणारी गाडी होती आणि सुमारे वीस वर्षे तिने ते केले. यंत्राची पारख त्याच्या आयुष्याच्या लांबीवर करणे चुकीचे आहे. ते कोणत्या रस्त्यासाठी, कोणत्या ओझ्यासाठी आणि किती पैशात उभे राहिले, हे आधी विचारले पाहिजे.

महाराजा भूपिंदरसिंग यांच्या संस्थानात १९०७ साली ही गाडी सुरू झाली. कर्नल बोल्स हे तिचे अभियंते, आणि बांधणीचे काम मुंबईच्या मार्सलँड अँड प्राइस या कंपनीकडे होते. सरहिंदहून एक मार्ग आणि पतियाळ्याहून सुनामकडे दुसरा, मिळून सुमारे ८० किलोमीटर. ‘युइंग पद्धत’ या नावाने ओळखली जाणारी तिची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. रस्त्याच्या कडेला जमिनीलगत एकच रूळ. डब्याखाली दोन्ही बाजूंना कडा असलेली, जेमतेम वीतभर व्यासाची चाके एका ओळीत रुळावर बसवलेली. डबा कलंडू नये म्हणून एका बाजूला आडवा दांडा काढून त्याच्या टोकाला सुमारे मीटरभर व्यासाचे मोठे चाक, आणि ते चालायचे सरळ रस्त्यावरून. कोकणातल्या होडीला उलांडी असते तसेच हे. ओझ्याचा जवळजवळ ९५ टक्के भार रूळ घ्यायचा, उरलेला पाचेक टक्के त्या चाकावर. त्यामुळे रस्ता धुळीचा वा उखडलेला असला तरी ओढणाऱ्या जनावराला फारसा त्रास नसे. लष्करी सेवेच्या करारापोटी संस्थानाला पाचशेहून अधिक खेचरे पाळावी लागत. युद्ध नसताना त्यांना काम काय द्यायचे, हा प्रश्नही या गाडीने सोडवला. पुढे बर्लिनच्या ओरेनश्टाइन उंट कोप्पेल कंपनीची चार वाफेची इंजिने आली, पण मूळ हिशेब दारात उभ्या असलेल्या जनावरांचा आणि आधीच असलेल्या रस्त्याचा होता.

त्याच काळात इंग्लंडमध्ये लुई ब्रेनन हा प्रतिभावंत माणूस हाच तोल वेगळ्या रीतीने सांभाळू पाहत होता. त्याच्या गाडीला आधाराचे चाकच नव्हते. निर्वात पेटीत मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेणारे, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन जायरोस्कोप, म्हणजे तोल राखणारी जड चक्रे, बावीस टनांची गाडी एका रुळावर ताठ उभी ठेवत. नोव्हेंबर १९०९ मध्ये केंटमधल्या जिलिंगहॅम येथे ती बत्तीस माणसे घेऊन फिरली. वायव्य सरहद्दीवर अशी रेल्वे टाकता येईल या आशेने इंडिया ऑफिसने तिच्यासाठी पैसा दिला होता, काश्मीर दरबारनेही दिला होता. १९१०च्या लंडनमधील प्रदर्शनात चर्चिल तिच्यात बसले. मात्र प्रत्येक डब्याला स्वतंत्र जायरोस्कोप लागणार आणि ते बंद पडले तर डबा आडवा होणार, ही धास्ती कोणालाही दूर करता आली नाही. मालवाहतुकीचा एकही मार्ग तिला मिळाला नाही. बुद्धीचे तेज पाहिले तर ब्रेननची गाडी पतियाळ्याच्या गाडीहून कितीतरी वरची. धान्याची पोती मात्र पतियाळ्याच्या गाडीने वाहिली. दोन्ही गाड्यांना ‘विसरलेले शोध’ म्हणून एकाच कप्प्यात टाकणे हा मला अन्याय वाटतो.

यावर कोणी म्हणेल, अखेर मोटार आली आणि १९२७ साली पतियाळ्याची गाडी बंद पडली, म्हणजे कमी प्रतीची होती म्हणूनच ना? हा आक्षेप वजनदार आहे. मोटार रूळ सोडून दारापर्यंत जाते, तिची बरोबरी ही गाडी कधीच करू शकली नसती. पण हिचा सगळा फायदा रस्ता वाईट असण्यात होता. रस्ते सुधारत गेले तसा तो प्रश्नच विरला. प्रश्न संपल्यामुळे उत्तर अनावश्यक ठरणे आणि उत्तर मुळात चुकणे यांत फार अंतर आहे.

दुसरा आक्षेप असा की जुन्याचे असे कौतुक करत बसलो तर प्रत्येक अडगळ थोर ठरेल. तसे होऊ नये, हे मलाही मान्य आहे. हीच युइंग पद्धत पतियाळ्याच्याही आधी, १९०२ साली, मुन्नारच्या चहाच्या मळ्यांसाठी वापरली गेली आणि १९०८ मध्ये तिच्या जागी दोन रुळांची छोटी रेल्वे आली. चहाच्या वाहतुकीला एक रूळ पुरला नाही, तो बदलला हे योग्यच झाले. उलट आपल्या बार्शी लाइटचे उदाहरण घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ साली सुरू केलेल्या या अडीच फुटी रेल्वेत प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत समान वाटला होता, त्यामुळे हलक्या रुळांवरून भरपूर माल जाई. आज बार्शीच्या मार्गावर ब्रॉडगेज आहे. वाहतूक वाढली म्हणून ते झाले, कॅलथ्रॉपचा हिशेब चुकला म्हणून नव्हे.

चुकलेले उत्तर कोणते आणि केवळ अनावश्यक ठरलेले कोणते, हा भेद करायचा तर वस्तू हाताशी हवी. पतियाळ्याचे इंजिन १९६२ साली एका शेडमध्ये गंजत पडलेले सापडले, अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात दुरुस्त झाले, म्हणून आज त्याची रचना तपासता येते. ब्रेननच्या दोन गाड्यांपैकी एक भंगारात गेली आणि दुसरी बागेतला निवारा म्हणून वापरून संपली. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या आवारात, जिनिंगच्या शेडमध्ये, बंद छापखान्यांत आणि पिठाच्या गिरण्यांत अशी यंत्रे अजून आहेत, आणि ती चालवलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या गावात असे यंत्र भंगारवाल्याकडे निघाले असेल तर आधी त्याची मापे घ्या, छायाचित्रे काढा, ते कसे चालायचे हे चालवणाऱ्याकडून लिहून घ्या आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाला कळवा. हे काम या वर्षीच करा.